किमोतलं प्लॅटिनम: फिरत्या मेसेजमधला एकेक दावा

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठल्याही घरातल्या एखाद्या फोनवर तो सापडेलच. मथळा असा की किमोच्या बाटलीत काय असतं हे डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत. मजकूर थोडक्यात देते. किमोत प्लॅटिनम नावाचा जड धातू शिरेत सोडतात. तो शिसं आणि पाऱ्यासारखाच विषारी असून मरेपर्यंत शरीराबाहेर जात नाही. हे रसायन युद्धातल्या विषारी वायूतून निघालं. 1845 पासून ते माहीत होतं, पण कंपन्यांनी आपल्या सोयीने बाहेर काढलं. आता जी नवी प्लॅटिनम औषधं शोधली जातायत ती निव्वळ पेटंट लांबवण्याची चाल आहे. एका प्रयोगशाळेत म्हणे दसपट ताकदीचं संयुग सापडलं, 48 तासांत कॅन्सरच्या सगळ्या पेशी मेल्या, आणि ते दाबून टाकण्यात आलं. शेवटी उपाय: किमो सोडा, प्लॅटिनमची अंगठी घाला, सुवर्णभस्म सुरू करा.

ज्या धातूला पहिल्या ओळीत विष म्हटलं तोच शेवटच्या ओळीत बोटात घालायला सांगितलाय. शिवाय नवी औषधं म्हणजे फसवणूक, आणि एक नवं औषध मात्र इतकं रामबाण की दाबावं लागलं! लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज सलग वाचलेला दिसत नाही.

एरवी मी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण शेजारच्या सूनबाई संध्याकाळी फोन हातात घेऊन दारात आल्या. "काकू, आईंची किमोची पुढची सायकल पुढे ढकलू का? यात लिहिलंय की मेटल शरीरात साठतं." त्यांच्या सासूबाईंना अंडाशयाचा कॅन्सर आहे आणि कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध चालू आहे. मी डॉक्टर नाही. मी रसायनशास्त्र शिकवलं, तेही धातूंच्या संयुगांचं. उपचार कोणता घ्यायचा यावर बोलायचा मला अधिकार नाही, पण बाटलीत काय आहे यावर नक्की आहे.

तर पहिला दावा. "प्लॅटिनम हा जड धातू आहे, तोच शरीरात टोचतात."

जड आहेच. अणुक्रमांक 78, अणुभार 195, घनता पाण्याच्या साधारण 21 पट. पण बाटलीत धातू नसतो, धातूचं संयुग असतं. सिस्प्लॅटिन या सगळ्यात जुन्या प्लॅटिनम औषधाच्या रेणूत मधोमध प्लॅटिनमचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती सपाट चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर दोन क्लोरिन आणि दोन अमोनिया. वजनाने पाहिलं तर यातलं 65 टक्के प्लॅटिनमच आहे. म्हणजे 100 मिलिग्रॅम औषधात 65 मिलिग्रॅम. आता सराफ्यातल्या दुकानात 950 शिक्क्याची चार ग्रॅमची अंगठी पाहा. तिच्यात 3.8 ग्रॅम प्लॅटिनम असतं, म्हणजे असल्या पन्नासहून जास्त डोसांना पुरेल इतकं. ते बोटावर जन्मभर राहतं आणि माणसाला काही करत नाही. बरंही नाही, वाईटही नाही. शुद्ध प्लॅटिनम इतकं निर्विकार असतं की ते विरघळवायला अम्लराज, म्हणजे दोन तीव्र आम्लांचं जहाल मिश्रण लागतं.

धातूच विष असता तर पुढची गोष्ट घडलीच नसती. त्याच चार कोपऱ्यांवर तेच दोन क्लोरिन आणि तेच दोन अमोनिया घ्या. एकसारखे शेजारी-शेजारी बसवले तर सिस्प्लॅटिन होतं, समोरासमोर बसवले तर ट्रान्सप्लॅटिन. वजन तेच, अणू तेच, प्लॅटिनम तसूभरही कमी-जास्त नाही. पहिलं जगभरच्या रुग्णालयांत वापरलं जातं, दुसरं औषध म्हणून निरुपयोगी ठरलं. वर्गात मी हे फळ्यावर काढायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वर बघायची.

असं का होतं, ते सांगण्यासारखं आहे. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, त्यामुळे तिथे सिस्प्लॅटिनचे क्लोरिन जागेवर टिकतात. पेशीच्या आत क्लोराइड कितीतरी कमी. तिथे पोचल्यावर क्लोरिन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं, आणि पाणी सहज बाजूला सारलं जात असल्याने प्लॅटिनम मोकळ्या हाताने डीएनएवर जातं. डीएनएतल्या ग्वानिन या घटकातला एक ठरावीक नायट्रोजन त्याला आवडतो. शेजारी-शेजारी असलेले दोन ग्वानिन ते एकत्र बांधून टाकतं आणि डीएनएची शिडी त्या जागी वाकते. पेशी ती दुरुस्त करू पाहते, जमलं नाही तर स्वतःच मरण पत्करते. ट्रान्सप्लॅटिनचे दोन्ही हात उलट दिशांना असतात, त्यामुळे त्याला ही शेजारची जोडी धरता येत नाही. औषध आहे ते या मांडणीत. आणि हे लक्षात आलं की नवी संयुगं शोधणारे लोक नेमकं काय करत असतात तेही कळतं. ते मधला अणू तसाच ठेवून भोवतालची माणसं बदलत असतात.

"तो मरेपर्यंत शरीरातून जात नाही." हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. मूत्रपिंडं नीट चालत असतील तर कार्बोप्लॅटिनचा सुमारे दोन तृतीयांश भाग 24 तासांत लघवीवाटे निघून जातो. सिस्प्लॅटिन रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे ते सावकाश जातं, आणि वृषणाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या पुरुषांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म अंश सापडले आहेत. ते डॉक्टरांनीच शोधले आणि छापले. मेसेजवाल्यांना ही गोष्ट कळली असेल ती तिथूनच.

त्रास होतो का? होतो. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, उंच पट्टीचा आवाज ऐकू येणं कमी होऊ शकतं आणि ते परत येत नाही, हातापायांना बधिरपणा येतो, आणि उलट्यांच्या बाबतीत तर हे औषध कुप्रसिद्ध आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या रुग्णांची मूत्रपिंडं पाहून हे औषध सोडूनच द्यावं असा विचार झाला होता. मग न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात भरपूर सलाईन आणि मॅनिटॉल देऊन लघवी वाहती ठेवायची पद्धत बसवली गेली आणि औषध वाचलं. आज सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर तासन् तास ज्या सलाईनच्या बाटल्या लावतात, त्या याचसाठी. पुष्कळ नातेवाइकांना वाटतं की नर्स उगीच वेळ काढतेय.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे तेही मेसेजमध्ये यायला हवं होतं. अंगभर पसरलेला वृषणाचा कॅन्सर म्हणजे सत्तरच्या दशकापर्यंत तरुण मुलांचा जवळजवळ खात्रीचा मृत्यू होता. 1974 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी जुन्या दोन औषधांना सिस्प्लॅटिनची जोड दिली. आज पसरलेल्या अवस्थेतही साधारण दहापैकी आठजण बरे होतात. बरे, म्हणजे पुढे लग्न होऊन मुलंबाळं झालेले. शिशाने आजवर कुणाला असं केल्याचं ऐकिवात नाही.

युद्धातल्या विषारी वायूचं म्हणणं वेगळ्याच औषधांबद्दल आहे. मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून नायट्रोजन मस्टर्ड आलं, 1942 मध्ये येल विद्यापीठात ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. किमोचा तो एक वंश. प्लॅटिनमचा त्याच्याशी संबंध नाही, मेसेजने दोन घराण्यांची वंशावळ एकत्र शिवली आहे.

1845 चं मात्र खरं आहे. इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने यांनी 1844-45 च्या सुमारास हे पिवळं संयुग बनवलं. त्याचे अणू सपाट चौकोनात बसलेले असतात हे आल्फ्रेड व्हेर्नर यांनी 1893 मध्ये मांडलं, आणि धातूंच्या संयुगांवरच्या त्या कामाला 1913 चं नोबेल मिळालं. या सगळ्या काळात ते औषध आहे असा संशयही कुणाला आला नव्हता. जे ठाऊकच नाही ते दाबणार कसं?

ते कळलं ते भलत्याच वाटेने. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे पेशींच्या विभाजनावर विजेचा परिणाम होतो का ते पाहत होते. त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या द्रावात दोन इलेक्ट्रोड बुडवले. प्लॅटिनमचे निवडले, कारण प्लॅटिनम कशातच पडत नाही असा समज. जिवाणूंचं विभाजन थांबलं पण वाढ चालूच राहिली, आणि ते नेहमीच्या लांबीच्या 300 पटीपर्यंत लांब धागे झाले. विजेचा चमत्कार वाटावा असं दृश्य. पण लॉरेटा व्हॅन कॅम्प आणि थॉमस क्रिगास यांच्यासह त्यांनी एकेक शक्यता तपासली तेव्हा दोषी निघालं ते इलेक्ट्रोडमधून किंचित सुटलेलं प्लॅटिनम. द्रावात अमोनियम क्लोराइड होतं, म्हणजे अमोनियाही हजर आणि क्लोराइडही. पेरोनेंचं संयुग बीकरमध्ये आपोआप तयार झालं होतं. हे छापून आलं 1965 मध्ये. उंदरांच्या गाठींवर ते चालतं हे 1969 मध्ये, आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली डिसेंबर 1978 मध्ये. विद्यापीठातल्या कुतूहलापासून रुग्णाच्या शिरेपर्यंत तेरा वर्षं. औषधांच्या दुनियेत हा वेग चांगलाच म्हणायचा.

यात एक भारतीय पान आहे, ते आपल्याकडेच फारसं कुणी सांगत नाही. सिस्प्लॅटिन बनवताना भीती असते ती ट्रान्स भाऊबंद मिसळण्याची. 1970 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’त एस. सी. धारा यांनी एक छोटी रीत छापली. आधी क्लोरिनच्या जागी आयोडिन बसवायचं. आयोडिन आपल्या समोरच्या कोपऱ्यावरच्याला हुसकावण्यात पटाईत असतं, त्यामुळे दोन्ही अमोनिया आपोआप शेजारी-शेजारी येऊन बसतात. मग सिल्व्हर नायट्रेटने आयोडिन काढून घ्यायचं आणि क्लोराइड परत घालायचं. लाल द्राव, मग जवळजवळ काळा, मग पिवळी भुकटी, असे रंग बदलत जातात. आजही जगभरच्या प्रयोगशाळा ‘धारा पद्धत’ याच नावाने ती वापरतात. दडपशाहीच्या कथा पसरवण्यापेक्षा हे फॉरवर्ड केलं असतं तर बरं झालं असतं.

आता पेटंट. सिस्प्लॅटिनचं पेटंट संपून जमाना झाला. त्यातून मिशिगन स्टेट विद्यापीठाला कोट्यवधी डॉलर मिळाले हे खरं आहे, पण ती जुनी गोष्ट. आज सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्सालिप्लॅटिन ही तिन्ही जेनेरिक आहेत, तिन्ही भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि त्यांच्या कमाल किमती सरकार ठरवतं. सिस्प्लॅटिनची 50 मिलिग्रॅमची बाटली काही शे रुपयांत मिळते. किमोचं बिल फुगतं ते बहुतेक वेळा इतर गोष्टींनी. रेणूत जरासा फेरफार करून नवं पेटंट मिळवायचं म्हटलं तर भारतीय पेटंट कायद्याचं कलम 3(ड) आडवं येतं. ज्ञात पदार्थाचं नवं रूप जास्त गुणकारी असल्याचं सिद्ध केल्याशिवाय पेटंट नाही. याच कलमावर 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाबद्दल नोव्हार्टिसच्या विरोधात निकाल दिला होता.

आणि ‘जरासा फेरफार’ म्हणजे काय? कार्बोप्लॅटिनमध्ये दोन क्लोरिन काढून त्यांच्या जागी एक घट्ट धरून बसणारं सेंद्रिय कडं लावलं आहे. ते सावकाश सुटतं, म्हणून मूत्रपिंडं आणि कान बरेचसे वाचतात. त्याची किंमत रक्तातल्या प्लेटलेट घटण्याने मोजावी लागते. लंडनमध्ये हिलरी कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये डोस काढायचं सूत्रच दिलं: मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेत 25 मिळवायचे आणि त्या बेरजेला रक्तात औषध किती हवं त्या आकड्याने गुणायचं. सूनबाईंच्या सासूबाईंचा डोस दर वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतायत ते सांगणारी रक्ततपासणी) पाहून ठरतो तो याच हिशेबाने. ऑक्सालिप्लॅटिन जपानमध्ये नागोयाला योशिनोरी किदानी यांच्या प्रयोगशाळेत 1976 मध्ये बनलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर सिस्प्लॅटिन जवळजवळ निकामी, हे मात्र चालतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर जुन्या औषधांसोबत ऑक्सालिप्लॅटिन दिलं तेव्हा तीन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचं प्रमाण 72.9 वरून 78.2 टक्क्यांवर गेलं. 2004 च्या मोझेक चाचणीतले आकडे आहेत हे. शंभरात पाचजण जास्त. ज्याच्या घरात तो पाचवा माणूस आहे त्याला विचारा फेरफार जरासा होता का. त्या बदल्यात ऑक्सालिप्लॅटिन चालू असलेल्याला थंडगार काही सोसत नाही, घशात आवळल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात. भर मे महिन्यात इंदुरात राहून शिकंजीकडे नुसतं बघायचं म्हणजे शिक्षाच आहे, पण सायकलींच्या दिवसांत ती पाळावी लागते.

पेटंटसाठी कंपन्या नव्या प्लॅटिनम औषधांचा रतीब घालतायत म्हणणाऱ्याने हेही सांगावं की अमेरिकेत 2002 मध्ये ऑक्सालिप्लॅटिनला मान्यता मिळाल्यानंतर एकही नवा प्लॅटिनम रेणू का मान्य झाला नाही. जपानमध्ये नेडाप्लॅटिन, चीनमध्ये लोबाप्लॅटिन, कोरियात हेप्टाप्लॅटिन अशी मोजकी त्या-त्या देशापुरती राहिली. हजारो संयुगं बनली. जगभर चालतात ती तीन.

हे प्रमाण पाहूनच पुढचा दावा लोकांना पटतो. "दसपट ताकदीचं संयुग सापडलं, पेशी 48 तासांत मेल्या, मग ते कुठे गेलं?" प्रश्न चांगला आहे. उत्तर लांब आहे.

पेशी मरण्याची ती चाचणी अशी असते. कॅन्सरच्या पेशींच्या काही जाती प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवल्या जातात, हेला, एमसीएफ-7, ए549 अशा नावांच्या. प्लास्टिकच्या तबकडीतल्या छोट्या खळग्यांत त्या ठेवतात, संयुगाचे वेगवेगळ्या तीव्रतेचे द्राव घालतात, 48 किंवा 72 तासांनी जिवंत पेशी मोजतात. निम्म्या पेशी ज्या तीव्रतेला मरतात तो आकडा म्हणजे आयसी-50. सिस्प्लॅटिनचा दहा आला आणि तुमचा एक आला, की तुमचं दसपट ताकदीचं. बातमी तयार. पण तबकडीत पेशी फिनाइलनेही मरतात. विचारायचं असतं ते हे की निरोगी पेशी किती वाचल्या, आणि तो आकडा बातमीत बहुतेक नसतो.

त्यात एक तांत्रिक खोडा आहे, तो प्रयोगशाळेत काम केलेल्यांनाच ठाऊक असतो. नवी संयुगं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ नावाचा द्रावक वापरतात. मग तुलना सारखी व्हावी म्हणून सिस्प्लॅटिनही त्यातच विरघळवतात. डीएमएसओत गंधक असतं आणि प्लॅटिनमला गंधकाची ओढ जबरदस्त. ते क्लोरिनला हटवून स्वतः चिकटतं आणि सिस्प्लॅटिन तबकडीत पोचण्याआधीच बिघडतं. मग नवं संयुग दसपट नाही तर काय दिसणार! यावर धोक्याची घंटा वाजवणारे लेख आले, तरी ही चूक पुन्हापुन्हा छापली जाते. असा बदल डोळ्यांनी दिसत नाही, पण मोजता येतो. आपल्याच इंदुरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांची अशी सोय आहे की धातूच्या अणूशेजारी कोण आणि किती अंतरावर बसलंय ते कळतं. क्लोरिनच्या जागी गंधक आलं तर तो अणू लपू शकत नाही.

समजा तुलना चोख झाली. पुढे रक्त आहे. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात गंधक, पेशीतल्या ग्लुटाथायोन या रेणूत गंधक. फार चपळ संयुग डीएनएपर्यंत पोचण्याआधीच त्यांच्या हाती लागतं, फार सुस्त असेल तर काहीच न करता लघवीतून निघून जातं. या दोन टोकांमधली पट्टी अरुंद आहे. शिवाय कॅन्सरच्या पेशीही शिकतात. काही औषध आत घेईनाशा होतात, काही ते बाहेर फेकतात, काही डीएनए झपाट्याने दुरुस्त करतात. नव्या रेणूला हे सगळं ओलांडायचं असतं आणि तेही मूत्रपिंड, कान, मज्जा, नसा यांना हात न लावता.

दाबल्याची नव्हे, पडल्याची दोन उदाहरणं देते, दोन्ही जाहीर छापलेली आहेत. बीबीआर3464 या रेणूत एक सोडून तीन प्लॅटिनमचे अणू साखळीने जोडलेले होते. तबकडीत तो सिस्प्लॅटिनपेक्षा कितीतरी पट कमी मात्रेत काम करायचा, सिस्प्लॅटिनला न जुमानणाऱ्या पेशींवरही. मेसेजमधल्या ‘दसपट’च्या वरताण. रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र तो इतका विषारी निघाला की डोस अगदी बारीक ठेवावा लागला, मानवी रक्तात तो टिकेना, आणि दुसऱ्या टप्प्यात गाठी पुरेशा आटल्याच नाहीत. तिथे थांबला. दुसरं सॅट्राप्लॅटिन. प्लॅटिनमभोवती चारऐवजी सहा हात, त्यामुळे ते पोटातून सुखरूप जातं, गोळीच्या रूपात घेता येतं. सलाईन नाही, खाट नाही. प्रोस्टेट कॅन्सरच्या 950 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. रोग वाढायला वेळ लागला, पण आयुष्य वाढलं का पाहिलं तर औषध घेणारे आणि न घेणारे दोन्हीकडे सुमारे 61 आठवडेच. 2007 मध्ये अमेरिकेतला मान्यतेचा अर्ज मागे घेतला गेला. त्यामागे कंपनीचे पैसे बुडाले. हीच का ती दडपशाही?

काम थांबलेलं नाही. सहा हातांच्या संयुगांना आत गेल्यावर प्रकाशाने जागं करायचे प्रयत्न इंग्लंडमध्ये वॉरिकला पीटर सॅडलर यांचा गट करतो आहे. अमेरिकेत एमआयटीत स्टीफन लिपर्ड यांच्या गटाने 2012 मध्ये फेनान्थ्रिप्लॅटिन मांडलं, जे डीएनएला दोन नव्हे, एकाच हाताने धरतं आणि तरीही पेशीचं काम अडवतं. जुना नियम असा होता की दोन हात हवेतच. यातलं काही रुग्णालयात पोचेल की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

जुन्या औषधाभोवतीही काम चालतं. सिस्प्लॅटिन घेणाऱ्या लहान मुलांचं ऐकणं जातं म्हणून डोसानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट देऊन पाहिलं. यकृताच्या गाठी असलेल्या मुलांच्या चाचणीत ते दिलेल्यांपैकी 33 टक्क्यांचं ऐकणं घटलं, न दिलेल्यांपैकी 63 टक्क्यांचं. 2018 मध्ये हे छापून आलं, 2022 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. थायोसल्फेट म्हणजे फोटोवाल्यांचा जुना ‘हायपो’. त्यातही गंधकच, पण इथे त्याची तीच ओढ कामाला लावली आहे. ही बातमी कुठल्याच ग्रुपवर आली नाही.

राहिली अंगठी आणि भस्म. अंगठीचं वर झालं. हौस म्हणून घ्या, सराफ खूश होईल. भस्माबद्दल मात्र कडक बोलते. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, घरी ओव्याचा अर्क आणि च्यवनप्राश असतोच. पण किमो चालू असलेल्याची मूत्रपिंडं आधीच कामाला जुंपलेली असतात. 2004 मध्ये अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतली दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. जड धातूच्या भीतीने किमो सोडून ज्यात काय आहे ते तपासलेलं नाही अशी पुडी घ्यायची, हे मेसेज सांगतोय.

सूनबाईंना मी सायकल ढकलू नका असंही सांगितलं नाही आणि ढकला असंही नाही, ते डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ठरवायचं. मात्र विचारायला एक यादी दिली. क्रिएटिनिन किती आहे, प्लेटलेट किती आहेत, डोस त्यावरून बदलला का. औषध सिस्प्लॅटिन असतं तर मॅग्नेशियम आणि कानांची तपासणीही विचारायला सांगितली असती. बोटांना बधिरपणा वाटत असेल तर तो आपणहून सांगायचा, कुणी विचारेपर्यंत थांबायचं नाही. आणि दुखण्यावरची कुठलीही गोळी, काढा, भस्म चालू असेल तर नाव आठवत बसू नका, डबीच पिशवीत टाकून ओपीडीत घेऊन जा.